‘कागद क्लिअर आहेत’ म्हणजे नेमकं काय? गोव्यात घर घेता-विकताना पडणारे प्रश्न

गोव्यात घर बघायला गेलात की एजंटच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: ‘कागद एकदम क्लिअर.’ कोणते कागद, म्हणून विचारावं तर तो मोबाईलवर एक-चौदाच्या उताऱ्याचा, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीचा, फोटो पुढे करतो. विकणाऱ्याचं नाव त्यावर दिसतं, आपला जीव भांड्यात पडतो आणि बोलणं थेट भावावर येतं.

2022 साली जमीन बळकाव प्रकरणांसाठी सरकारने विशेष तपास पथक नेमलं. पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला. बाहेर आलेली पद्धत अशी होती: वारस परदेशी गेलेले किंवा मागे कोणी न उरलेलं घर-भाट (भाट म्हणजे बागायतीची जमीन) हेरायचं, पोर्तुगीज काळातला म्हणून बनावट दस्त तयार करायचा, त्याच्या जोरावर सरकारदरबारी नाव चढवायचं आणि जागा विकून मोकळं व्हायचं. त्या घेणाऱ्यांनाही उताऱ्यावर विकणाऱ्याचंच नाव दिसलं असणार.

म्हणून ‘कागद आहेत का’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. हा कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, असं विचारायला हवं. कबजा कोणाचा, मालकी कोणाची, विकण्याचा अधिकार कोणाकोणाचा, आणि जागेवर घर बांधायला परवानगी होती का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. चारही प्रश्नांना पुरणारा एकच कागद गोव्यात मिळत नाही.

उताऱ्यावर नाव आहे, आणखी काय हवं?

एक-चौदा म्हणजे जमीन महसूल संहितेखालचे नमुना एक आणि नमुना चौदा, एकत्र दिलेले. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, कब्जेदाराचं नाव, कुळाचं नाव, इतर हक्क आणि लागवड एवढं त्यात असतं. शहरी भागात सिटी सर्व्हे झाला असेल तर त्याऐवजी ‘फॉर्म डी’ मिळतो. ही नोंद महसुलासाठी केलेली. ती खोटी ठरेपर्यंत खरी मानतात हे बरोबर, पण मालकी तिने सिद्ध होत नाही. न्यायालयांनी हे वारंवार सांगितलं आहे. रेशनकार्डावर नाव असणारा घरचा मालक असतोच असं नाही, तसंच हे.

तरी उतारा वाचायचा, आणि वाचायचा तो खालून. कब्जेदाराच्या रकान्याकडे सगळेच पाहतात. ‘कूळ’ आणि ‘इतर हक्क’ हे रकाने मात्र बहुतेक जण चाळून सोडतात, आणि त्रास निघतो तो तिथूनच.

मालकीसाठी मागे जावं लागतं. गोवा मुक्तीपूर्वी, म्हणजे पोर्तुगीज काळात, जमीन नोंदणी कार्यालयात प्रत्येक मिळकतीचं एक वर्णन लिहिलेलं असे: नाव, चतुःसीमा, कशाची लागवड. ती मिळकत कोणाच्या नावे आहे याची नोंद वेगळी. या दोन दाखल्यांना आजही ‘डिस्क्रिप्शन’ आणि ‘इन्स्क्रिप्शन’ म्हणतात. करासाठी ठेवलेली तिसरी वही ती ‘मात्रीस’. अडचण अशी, की त्या वर्णनात सर्व्हे नंबर सापडत नाही, सर्व्हे त्यानंतरचा. तिथे भाटाचं नाव असतं, पूर्वेला अमक्याची बाग, पश्चिमेला व्हाळ (ओढा) असं लिहिलेलं असतं. बागेचा मालक कधीच वारला आणि व्हाळ बुजवून रस्ता झाला. ते जुनं वर्णन आणि आजचा सर्व्हे नंबर ही एकच जागा आहे, हे जुळवून दाखवणं हे गोव्यातल्या टायटल सर्चचं, म्हणजे मालकीच्या शोधाचं, निम्मं काम. तीस वर्षांचा शोध पुरे असं ऐकायला मिळतं. पिढीजात घराला तो पुरत नाही, कारण पुढच्या भागातला घोळ तीस वर्षांहून जुना असू शकतो.

सह्या किती? इथेच खरा गोवा सुरू होतो

गोव्यात कुटुंबाचा कायदा वेगळा आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून इथे लागू झाली आणि मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग राहिला. वारशाचे नियम आता 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहेत. तो डिसेंबर 2016 पासून अंमलात आला. धर्म कोणताही असो, गोवेकराला हेच नियम.

लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. ठरावीक अपवाद सोडले तर लग्नाआधीची, नंतरची, आईवडिलांकडून आलेली, सगळीच. दोन बरण्यांतलं तेल एकाच बरणीत ओतलं की कुठला थेंब कोणाचा हे सांगता येत नाही. निम्मं-निम्मं एवढंच म्हणता येतं. विक्रीखतावर नाव एकट्या नवऱ्याचं असेल, पैसे त्याच्या पगारातले असतील, तरी बायको अर्ध्याची मालकीण. तिच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. (निम्म्या घराची ही मालकीण व्यवहार ठरताना आत चहा करत असते आणि सहीच्या दिवशी पहिल्यांदा रक्कम ऐकते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. कायदा पुढे आणि आम्ही मागे.)

आता हिशेब मांडू. डिचोलीकडे एक घर आहे, कागदावर वडिलांच्या नावावर. आई आहे, तीन मुलं आहेत, तिघांची लग्नं गोव्यातच झाली, वेगळा करार कोणी केला नाही. वडील वारले. आईचा अर्धा हिस्सा तिला वारसा म्हणून मिळत नाही. तो आधीपासूनच तिचा होता. वडिलांचा अर्धा तीन मुलांत वाटला जातो, प्रत्येकी एक षष्ठांश. मुलगी आणि मुलगा असा भेद नाही. आणि मुलाला वारशात आलेलंही त्याच्या बरणीत पडतं, म्हणजे सून आणि जावईदेखील हिस्सेदार. एकूण सह्या सात. घर अजून वडिलांच्याच नावावर दिसतं.

यात एक भाऊ वारला की त्याची बायको आहेच, शिवाय मुलं येतात. मुलं सज्ञान नसतील तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी काढावी लागते. माझ्या आजोळचं घर विकायला काढलं तेव्हा आम्ही सात सह्या मोजल्या होत्या. प्रत्यक्ष खत झालं तेव्हा अकरा झाल्या, आणि मधे दोन वर्षं गेली.

‘पण भावाने आपला हिस्सा विकला तर?’

विकू शकतो, पण काय विकतो ते बघा. वाटणी होण्याआधी त्याच्याकडे आहे तो एकूण वारशातला न वाटलेला हक्क. ‘समोरच्या दोन खोल्या माझ्या’ असं म्हणायची सोय नाही. तो हक्क घेणारा परका माणूस त्या घराण्याच्या भांडणात पैसे देऊन शिरतो. राहत्या घरातला असा हिस्सा घेतल्याने त्या कुटुंबासोबत राहण्याचा हक्कही त्याला मिळत नाही. स्वस्त मिळतं म्हणून मोहात पडू नका. स्वस्त का मिळतंय ते वरच्या सात सह्यांत आहे.

वाटणी आपसात ठरत नसेल तर ‘इन्व्हेंटरी’ हा मार्ग आहे. न्यायालयात मृताच्या सगळ्या मालमत्तेची यादी होते, मूल्य ठरतं आणि कोणाला काय हे नक्की होतं. गरज पडली तर वारस एकमेकांविरुद्ध बोलीही लावतात. याहून साधा कागद म्हणजे ‘सक्सेशन डीड’, विशेष नोटरीसमोर होणारा. मात्र तो वारस कोण एवढंच सांगतो. त्याने वाटणी होत नाही आणि मृताची त्या घरावर मालकी होती हेही सिद्ध होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत लोक सर्रास करतात.

‘बाबांनी मृत्युपत्र केलंय ना!’

केलं असेल, पण अर्ध्याचंच. आपल्या हिश्शाचा निम्मा भाग जवळच्या वारसांसाठी राखीव असतो. तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. वरच्या उदाहरणात वडिलांचा हिस्सा मुळात अर्धं घर, म्हणजे मृत्युपत्राने मोकळेपणी देता येईल असं फक्त एक चतुर्थांश. ‘सगळं घर धाकट्याला’ असं लिहिलेलं मृत्युपत्र घेऊन धाकटा एकटाच विकायला आला, तर बाकीच्यांना विचारल्याशिवाय उठू नका.

जाता जाता: गोवेकराची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच वारसा नियमांनी वाटली जाते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला आहे. पुण्याबेळगावला फ्लॅट घेऊन ठेवलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

वारस लिस्बनला, सही कोण करणार?

परदेशातले वारस मुखत्यारपत्र पाठवतात. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. मुखत्यारपत्रात ‘विकण्याचा, खतावर सही करण्याचा आणि रक्कम स्वीकारण्याचा’ अधिकार शब्दांत लिहिलेला आहे का ते वाचा. ‘मालमत्तेची देखभाल’ एवढंच असेल तर विक्री होत नाही. देणारा जिवंत आहे का, याची खात्री व्हिडिओ कॉल करून घ्या. विचित्र वाटेल, पण माणूस गेला की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्रही संपतं.

आणि ‘मुखत्यारपत्रावरच घर घेऊ, खत नंतर बघू’ असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं.

आवारातलं दुसरं छप्पर

भाट घेतलं, जुनं घर घेतलं, आणि मागच्या बाजूला आणखी एक छोटं घर आहे. विकणारा म्हणतो, ‘ते आमचेच लोक, सांगितलं की जातील.’ जाणार नाहीत, आणि त्यांनी का जावं?

भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. 1975 च्या मुंडकार कायद्याने त्याला बाहेर काढण्यापासून संरक्षण आहे आणि राहतं घर सभोवतालच्या ठरावीक जागेसह विकत घेण्याचा हक्कही आहे. जमीन विकली म्हणून हा हक्क संपत नाही. भाटकार बदलतो, एवढंच. शेतीच्या बाबतीत असंच संरक्षण कुळाला, 1964 च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या नंतरच्या दुरुस्तीने. म्हणून जागा बघताना आवाराला पूर्ण फेरी मारा. मामलेदाराकडे मुंडकारीचा किंवा कुळाचा दावा चालू आहे का ते विचारा. शेजाऱ्याशी दहा मिनिटं बोला, सर्च रिपोर्टमध्ये न आलेलं बरंच तिथे कळतं.

उलट बाजूही आहे. मुंडकाराने आपलं घर विकायला काढलं असेल, तर आधी त्याने ते रीतसर विकत घेतलेलं असायला हवं. खरेदीचा आदेश आणि त्यानंतरचा दाखला बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जमीन कसली आहे?

मालक खरा, सह्या पूर्ण, तरी घर बेकायदा असू शकतं. गोव्यात रोज वाद होतो तो यावरच.

दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली विभागाची: नगरनियोजन खात्याच्या आराखड्यात जागा वसाहत विभागात आहे की शेती, बाग, ना-विकास क्षेत्रात. त्यासाठी झोनिंगचा दाखला मागायचा. दुसरी सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती वापरायला महसूल खात्याने दिलेली परवानगी. वसाहत विभाग आहे म्हणून सनद आपोआप होत नाही. ‘झोन बदलून मिळेल, अर्ज घातलाय’ या वचनावर तर एक रुपयाही देऊ नका. झोनबदलाच्या तरतुदी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत.

भाताचं शेत असेल तर प्रश्नच मिटतो. 2023 च्या कायद्याने अशी जमीन बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी घातली आहे. एका मोठ्या सर्व्हे नंबरातला ‘दोनशे चौरस मीटरचा तुकडा’ घेतानाही सांभाळा. मंजूर उपविभागणी नसेल तर हातात येतो तो न वाटलेला हिस्सा, आणि त्यावर स्वतंत्र बांधकाम परवाना मिळवताना दमछाक होते. नदी-समुद्राच्या जवळ असाल तर किनारी नियमन क्षेत्र तपासा. समुद्राच्या भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं घर बांधायला कडक बंधनं आहेत, आणि जुन्या घराला 1991 च्या आधीपासून ते उभं होतं याचा पुरावा विचारला जातो.

घरपट्टीची पावती, वीजबिल, पाण्याचं बिल हे मालकीचे किंवा परवानगीचे पुरावे नव्हेत. बेकायदा घरालाही घरपट्टी लागते. 2016 च्या नियमितीकरण कायद्यात 28 फेब्रुवारी 2014 ही सीमारेषा होती, आणि 2025 मध्ये ‘म्हजे घर’ योजनेमुळे सरकारी व कोमुनिदादच्या (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेच्या) जमिनीवरच्या जुन्या घरांचा विषय पुन्हा तापला. अशा घराचा सौदा पुढे आला तर एवढंच पाहा: अर्ज केलाय की मंजुरीचा आदेश झालाय? आदेशात हस्तांतरणाबद्दल काय अट आहे? अर्जाची पोचपावती दाखवून घर विकू पाहणारे भेटतील.

फ्लॅट घेताना

इथे काम त्यामानाने सोपं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प ‘रेरा’कडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असला पाहिजे. मंजूर आराखडे आणि मुदत रेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने.

काम पूर्ण झाल्याचा दाखला नगरनियोजन किंवा विकास प्राधिकरणाकडून येतो; राहायला परवानगी म्हणजे ऑक्युपन्सी पंचायत किंवा पालिकेकडून. दोन्ही मागा. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असताना घेतलात तर साधारणपणे पाच टक्के आहे.

‘बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद बरोबरच असणार,’ असं पुष्कळ जण धरून चालतात. बँकेचा वकील बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून तपासतो. हप्ता तर तुमच्या पगारातूनही वसूल होतो. तुमचा वकील वेगळा ठेवा, आणि विकणाऱ्याने सुचवलेला नको.

करार झाला म्हणजे घर झालं का?

चतुर्थीला महिनाभर असताना आपण चित्रशाळेत पाट पोचवून येतो, आगाऊ रक्कम देतो, मूर्ती दाखवून ठेवतो. तरी गणपती घरी आलेला नसतो. विक्रीचा करार म्हणजे तो पाट. त्याने ठरल्या अटींवर खत करून मागण्याचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. मालकी येते ती उपनिबंधकासमोर नोंदलेल्या विक्रीखताने. समोरचा टाळाटाळ करू लागला तर दावा लावायला ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं असतात, तारीख ठरलेली नसेल तर त्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन. ‘नात्यातला आहे, करील सावकाश’ म्हणत ती निघून जातात.

करारात उरलेल्या रकमेच्या तारखा, कागद पूर्ण करण्याची जबाबदारी कोणाची आणि ते न झाल्यास पैसे कधी परत, एवढं स्पष्ट लिहून घ्या. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क वेगवेगळं असतं. बोलणी करताना दोन्ही धरा.

विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका

घर विकणाऱ्याला वाटतं, धोका सगळा घेणाऱ्याचा. तसं नाही. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात घेणारा एक टक्का कर कापून सरकारात भरतो. विकणारा अनिवासी असेल तर कपात बरीच मोठी आणि नियम वेगळे. तेव्हा परदेशातल्या भावाच्या हिश्शाचा कर आधीच विचारून ठेवा, नाहीतर घेणारा ऐनवेळी अडून बसतो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो.

नफ्यावरच्या करात गोव्याची एक खासियत आहे. सामाईक मालमत्तेच्या नियमाखालच्या जोडप्यांचं पगाराशिवायचं उत्पन्न आयकर कायदा दोघांत अर्धं-अर्धं वाटतो. म्हणजे घर विकून झालेला नफा एकट्या नवऱ्याच्या विवरणपत्रात दाखवायचा नाही, आणि कर कापतानाही दोघांचे पॅन द्यायचे. बाहेरगावच्या सीएला हे बहुधा माहीत नसतं. त्याला आवर्जून सांगा.

किल्ली हातात आल्यावर

खत नोंदलं, किल्ली मिळाली, सत्यनारायण झाला. म्युटेशन राहिलं. खत झाल्यावर उताऱ्यावर नाव चढवण्याचा अर्ज करावा लागतो, मग संबंधितांना नोटिसा जातात, हरकती ऐकल्या जातात आणि नंतर नोंद होते. घरपट्टी, वीज आणि पाणी यांचे अर्ज वेगळे. माझ्या आजोळच्या घराचं खत होऊन बरीच वर्षं झाली, तरी मागच्या चतुर्थीत सहज बघितलं तेव्हा उताऱ्यावर अजून आजोबाच होते. घेणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘विकताना बघू.’